"सांभाळून काम कर" ही सेफ्टी नव्हे: मोठ्या स्टोअरमध्ये माणसं नेमकी कशी जखमी होतात

सेफ्टी म्हटलं की डोळ्यासमोर फॅक्टरी येते, पिवळं हेल्मेट, ठिणग्या, क्रेन वगैरे. कपडे, भांडी, कॉस्मेटिक्स विकणारं चारमजली स्टोअर कुणाच्याच डोळ्यासमोर येत नाही, तिथे काय होणार, एसी चालू आहे, गाणी लागलीयेत, परफ्यूमचा वास येतोय. मी पण पहिल्या दिवशी असंच समजून आत गेलो होतो. मग काही वर्षं फ्लोअरवर, काही स्टॉकरूममध्ये आणि नंतर सेफ्टी बघणारा माणूस म्हणून काढली, आणि हळूहळू डोक्यात शिरलं की हे समोरून शोरूम असलं तरी मागून चक्क गोडाऊन आहे. शिड्या, रॅक, हातगाड्या, पुठ्ठा दाबायचं मशीन, मालाची लिफ्ट, सगळं गोडाऊनचंच, फरक एवढाच की गोडाऊनमध्ये बाहेरची माणसं फिरत नाहीत आणि इथे दिवसभर फिरतात, लहान पोरांसकट.

आणि इथली दुखणी फिल्मी नसतात. कुणी घसरतं, कुणाची पाठ धरते, कुणाचं बोट कापतं, कुणाच्या पायावरून ट्रॉली जाते. बातमी होत नाही म्हणून कुणी मोजत नाही, आणि मग प्रत्येक वेळी उपाय एकच, "अरे सांभाळून काम करायचं ना!" या वाक्याबद्दलच मला लिहायचंय, कारण सेफ्टीच्या शास्त्रात हा उपाय जवळजवळ शेवटच्या पायरीवर आहे आणि स्टोअरमध्ये तो पहिलाच वापरला जातो.

पायऱ्या कुठल्या ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. कुठलाही धोका दिसला की पहिला प्रश्न, हा धोका मुळातच काढून टाकता येईल का. नसेल जमत तर त्याच्या जागी कमी धोक्याची वस्तू किंवा पद्धत आणता येईल का. तेही नाही तर धोका आणि माणूस यांच्यामध्ये काहीतरी आडवं घालता येईल का, जाळी, कठडा, झाकण, सेन्सर. त्यानंतर नियम, ट्रेनिंग, पाट्या. आणि अगदी शेवटी अंगावर घालायच्या वस्तू, ग्लोव्हज, बूट. वरच्या पायऱ्या माणसाच्या लक्षावर अवलंबून नसतात म्हणून त्या जास्त टिकतात, खालच्या दोन पायऱ्या माणूस थकला, घाईत असला, फोनवर बोलत असला की कोसळतात. बस, एवढंच आहे. पण हे एकदा डोक्यात बसलं की स्टोअरमध्ये चालताना डोळेच बदलतात.

घसरण्यापासून सुरू करू. शॅम्पूच्या शेल्फसमोर एक बाटली पडली आणि फुटली, हातभर डबकं झालं. बहुतेक ठिकाणी काय होतं, ज्याने बघितलं तो हाऊसकीपिंगच्या मावशींना शोधायला पळतो, आणि नेमक्या त्या दोन मिनिटांत कुणीतरी त्यावरून जातं. म्हणून पहिला नियम असा की ज्याने बघितलं तो तिथून हलत नाही, तो स्वतः उभा राहून लोकांना वळवतो आणि दुसऱ्याला हाक मारतो. आम्ही प्रत्येक मजल्यावर दोन ठिकाणी शेल्फच्या टोकाला टिश्यूचा मोठा रोल आणि घडीचा पिवळा बोर्ड ठेवायला लागलो, तेव्हा कुठे हे जमायला लागलं, नाहीतर उभं राहणारा नुसताच उभा.

आणि शॅम्पूवर लगेच ओला पोछा मारायचा नाही, हे मला एका मावशींनीच शिकवलं. "दादा, पाणी लावलं की अजून पसरतंय ते, आधी सुकं टिपून घ्या", त्या म्हणाल्या आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. चालताना टाच टेकते त्या क्षणी टाच आणि फरशी यांच्यामध्ये घर्षण लागतं, मध्ये पाण्याचा नाहीतर साबणाचा पातळ थर आला की टाच फरशीला टेकतच नाही, त्या थरावर तरंगते, ओल्या रस्त्यावर वेगातल्या गाडीचं टायर तरंगतं तसंच. शॅम्पूचा थर पाण्यापेक्षा घट्ट असतो त्यामुळे तो पायाखालून पटकन निसटत पण नाही. पोछ्यात फ्लोअर क्लिनर जास्त पडलं आणि नंतर साध्या पाण्याचा हात फिरवला नाही तर वाळल्यावरही अदृश्य पापुद्रा राहतो आणि पुढे नुसत्या ओल्या चपलेनेही माणूस आडवा होतो. म्हणजे ज्या फरशीवर काल कुणी घसरलं नाही तिथेच आज घसरतात आणि सगळे चपलेला दोष देतात.

फरशी किती घसरडी आहे हे मोजताही येतं. एक पेंडुलम असतो, त्याला रबराचा तुकडा लावलेला असतो, तो टाचेसारखा फरशीवर घासून जातो आणि घर्षणामुळे किती अडला त्यावरून आकडा येतो. ब्रिटनमध्ये हा आकडा ३६ किंवा जास्त असेल तर घसरण्याचा धोका कमी धरतात आणि २५ च्या खाली असेल तर जास्त. चकचकीत टाइल कोरडी असताना छान आकडा देते आणि ओली झाली की धाडकन खाली येते. तेव्हा ओल्या आकड्याला महत्त्व. स्टोअरचं इंटिरियर ठरवणारा माणूस टाइल कोरडी बघूनच पसंत करतो, ही माझी जुनी तक्रार.

"बघून चालता येत नाही का" हे तर मला अजिबात पटत नाही. अख्खं स्टोअर तुमची नजर वर खेचायला बांधलेलं असतं, लाइट शेल्फवर, ऑफरचे बोर्ड डोक्यावर, पुतळे उंचावर. कोट्यवधी खर्चून लोकांचे डोळे फरशीवरून उचलायचे आणि मग फरशीकडे बघितलं नाही म्हणून त्यांनाच बोलायचं. आणि तो पिवळा बोर्ड सकाळपासून रात्रीपर्यंत कोरड्या फरशीवर उभा असेल तर तिसऱ्या दिवसापासून तो कुणालाच दिसत नाही, तो फर्निचर होतो. फरशी वाळली की उचलायचा, म्हणजे पुढच्या वेळी लोक त्याच्यावर विश्वास ठेवतील.

आता पाठ. हे जरा आकड्यात बघू कारण आकड्यात बघितल्याशिवाय कुणाला पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. १० किलोचा खोका आहे, तुम्ही हात लांब करून तो मणक्यापासून साधारण ५० सेंटीमीटर पुढे धरलाय. त्याला तोलून धरायचं काम पाठीचे स्नायू करतात आणि ते मणक्याच्या मागे फक्त ५ सेंटीमीटरच्या आसपास असतात. बागेतला सी-सॉ आठवा, एका बाजूची फळी ५० ची आणि दुसरी ५ ची, म्हणजे छोट्या बाजूला बसणाऱ्याला दहापट जोर लावावा लागणार. १० किलोच्या खोक्यासाठी स्नायूंना १०० किलोचा ताण, आणि वाकलात तर तुमच्याच धडाचं वजन त्यात वेगळं. तोच खोका पोटाजवळ २५ सेंटीमीटरवर आणला की ताण निम्मा. खोका तोच, माणूस तोच.

अमेरिकेत नायॉश नावाची सरकारी संशोधन संस्था आहे, तिने वजन उचलण्याचं एक सूत्र बनवलंय, १९९१ मध्ये ते सुधारलं. त्यात अगदी आदर्श परिस्थितीत, म्हणजे वस्तू अंगाजवळ, कमरेच्या आसपासच्या उंचीवर, पकड चांगली, अंग न वळवता आणि अधूनमधूनच उचलायची असेल तर मर्यादा २३ किलो धरतात. मग एकेक गोष्ट बिघडली की त्यातून कापत जायचं. वस्तू २५ ऐवजी ५० सेंटीमीटरवर गेली की थेट निम्मी, साडेअकरा किलो. अंग ४५ अंश वळवून उचललं तर आणखी साधारण १४ टक्के कमी. जमिनीवरून उचललं तर अजून कमी, मिनिटाला पाच-सहा वेळा उचललं तर अजून. ट्रकमधून आलेला माल उतरवताना या सगळ्या गोष्टी एकदमच बिघडलेल्या असतात, म्हणून "फक्त बारा किलोचा तर खोका आहे" हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते.

यावर उपाय म्हणून दरवर्षी एक ट्रेनिंग होतं, गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा. चांगलंय, पण ही चौथी पायरी झाली, आणि सहा तासांच्या अनलोडिंगमध्ये दोनशेव्या खोक्याला कुणीही गुडघ्यात वाकत नाही हो. पहिली पायरी म्हणजे खोका जमिनीवर ठेवायचाच नाही. आला की पॅलेटवर, म्हणजे माल रचायच्या लाकडी चौकटीवर, नाहीतर टेबलाच्या उंचीवर. जड माल गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली, हलका माल सगळ्यात वर आणि सगळ्यात खाली. एकदा आम्ही एका रविवारी दुकान बंद झाल्यावर अख्खी क्रॉकरीची स्टॉकरूम या हिशोबाने उलटी लावली, कढया-कुकर मधल्या फळीवर आणि प्लॅस्टिकचे डबे वर. रात्री दोन वाजले, सगळ्यांनी मला शिव्या घातल्या. पुढच्या महिन्यात त्या सेक्शनमध्ये कुणी पाठीसाठी सुट्टी मागितली नाही, आता त्याचं श्रेय फळ्यांनाच द्यावं एवढा पुरावा काही माझ्याकडे नाही पण शिव्या मात्र थांबल्या.

शिडीची गोष्ट यालाच जोडून आहे. एक नवीन मुलगा, दुसरा आठवडा असेल, रॅकच्या फळ्यांवर पाय देत माकडासारखा वर चढलेला, एका हातात रॅकचा खांब आणि दुसऱ्या हाताने सूटकेस ओढतोय. मी ओरडलो नाही, ओरडलं की दचकून पडतात. खाली उतरल्यावर घोड्याबद्दल, म्हणजे घडीच्या शिडीबद्दल, विचारलं, "घोडा का नाही घेतलास रे?" म्हणाला, "दादा, घोडा वरच्या मजल्यावर आहे, लिफ्टमध्ये माल भरलाय, आणि सर म्हणाले कस्टमर थांबलाय, दोन मिनिटांत आण." आता याला मेमो देऊन काय होणार होतं? त्याने जे केलं ते त्याच्यापुढे ठेवलेल्या हिशोबात अगदी शहाणपणाचंच होतं. तीन मजल्यांना मिळून एकच घोडा हा खरा अपघात होता, तो फक्त अजून झाला नव्हता. प्रत्येक स्टॉकरूमला एक घोडा आला आणि चाकांचा छोटा स्टूल आला, ज्याच्यावर उभं राहिलं की वजनाने चाकं आत दबतात आणि तो जागीच बसतो, त्यानंतर फळ्यांवर चढणं आपोआप कमी झालं.

घोड्याचे नियम थोडक्यात सांगतो. चारही पाय टेकलेले आणि मधली पट्टी पूर्ण उघडून लॉक केलेली, सगळ्यात वरच्या पायरीवर उभं राहायचं नाही, दोन पाय आणि एक हात असे तीन टेकू सतत लागलेले पाहिजेत, आणि पोटाचं बटण घोड्याच्या दोन बाजूंच्या बाहेर जाईल इतकं कडेला झुकायचं नाही, खाली उतरून घोडा सरकवायचा. भिंतीला टेकवायची सरळ शिडी असेल तर चार फूट उंचीला एक फूट पाय बाहेर. आणि रॅक, ते जमिनीला बोल्टने बसवलेले हवेत, खांबाला ट्रॉली आपटून पोचा आला असेल तर "चालतंय की" म्हणून सोडायचं नाही कारण वाकलेला खांब त्याच्या ठरलेल्या वजनापेक्षा खूप कमी पेलतो आणि तो हळूहळू वाकत नाही, एकदमच बसतो.

कटर. माझ्या मते स्टोअरमध्ये सगळ्यात जास्त रक्त याच्यामुळे सांडतं आणि सगळ्यात कमी चर्चा याचीच होते. कसं कापतं बघा, एका हाताने खोका दाबलाय, दुसऱ्या हाताने कटर स्वतःकडे ओढताय, पातं बोथट आहे म्हणून जोर जास्त लावलाय, टेप संपते आणि साठलेला सगळा जोर एकदम सुटतो, आणि समोर असतो दुसऱ्या हाताचा अंगठा नाहीतर मांडी. म्हणून बोथट पातं धारदार पात्यापेक्षा वाईट. आता वरच्या पायऱ्या इथे लावून बघा. फाडायची पट्टी असलेले खोके सप्लायरकडून मागवले तर कटरच नको, पहिली पायरी. पातं आत लपलेलं आणि फक्त चिरेतून टेप जाते असा कटर आणला तर दुसरी. हात सुटला की पातं स्प्रिंगने आत जातं, तिसरी. स्वतःपासून लांब कापा, चौथी. ज्या हातात कटर नाही त्या हातात न कापणारा ग्लोव्ह, पाचवी, आणि हो, ग्लोव्ह त्याच हातात महत्त्वाचा, लोक उलटा घालतात. तोडलेली जुनी पाती साध्या कचऱ्याच्या पिशवीत टाकू नका एवढं तरी कराच, ती पिशवी उचलताना हाऊसकीपिंगवाल्यांच्या पोटऱ्या फाटतात. झाकणाचा एक डबा, त्यावर चिठ्ठी, झालं.

पुठ्ठे दाबून गठ्ठा करायचं जे मशीन मागे असतं त्याच्याबद्दल एकच सांगतो. त्याच्या दाराला सेन्सर असतो, दार उघडलं की प्रेस थांबतो. गठ्ठे पटापट व्हावेत म्हणून त्या सेन्सरवर चिकटपट्टी किंवा लोहचुंबक लावून ठेवलेलं मी स्वतः बघितलंय. ते मशीन पुठ्ठा आणि हात यात फरक करत नाही. अडकलेला पुठ्ठा काढायचा तर आधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि किल्ली जो पुठ्ठा काढतोय त्याच्या खिशात. अमेरिकेत १८ वर्षांखालच्या मुलांना हे मशीन चालवायलाच कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही.

आगीबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण बाकीच्या गोष्टी एकेकाला जखमी करतात, आग लागली तर सगळ्यांचाच हिशोब होतो. १९७९ च्या मे महिन्यात मँचेस्टरमध्ये वुलवर्थ्सच्या मोठ्या स्टोअरमध्ये आग लागली. फर्निचरच्या सेक्शनमध्ये फोमच्या गाद्या-सोफे रचून ठेवलेले होते, त्यांच्यामागे खराब झालेली वायर होती, तिथूनच सुरुवात झाली असावी असा निष्कर्ष निघाला. आग लागली की छतातून पाणी सोडणारे स्प्रिंकलर नव्हते. १० माणसं गेली. फोम जळताना इतक्या वेगाने काळा विषारी धूर सोडतो की लोकांना दिसणंच बंद होतं, याच आगीनंतर ब्रिटनमध्ये सोफा-गाद्यांच्या फोमचे नियम कडक करायची मागणी वाढली आणि १९८८ मध्ये ते झाले. त्या आगीचा अभ्यास करणाऱ्यांना अजून एक विचित्र गोष्ट दिसली, स्टोअरमधल्या रेस्टॉरंटमध्ये बसलेले काही लोक अलार्म वाजला तरी उठत नव्हते, ऑर्डर दिलीये, पैसे भरलेत, मग उठायचं कशाला.

तुम्हाला हसू येईल पण बिलिंगच्या रांगेत हेच होतं. अलार्म वाजला की कस्टमर कॅशियरच्या तोंडाकडे बघतो, कॅशियर सुपरवायझरकडे, सुपरवायझर फोनकडे, आणि सगळे एकमेकांकडे बघून ठरवतात की टेस्टिंग असेल. माणूस धोक्यात वेडा होऊन पळतो हे सिनेमातलं, खरं तर सुरुवातीची मौल्यवान मिनिटं तो काहीच न करण्यात घालवतो. हे तोडायचं काम युनिफॉर्ममधला माणूस करू शकतो, कारण लोक त्याचं ऐकतात. "कृपया लक्ष द्या" नको, मोठ्याने आणि सरळ, "सामान इथेच ठेवा, माझ्या मागे या, या दाराने." आणि कॅशियरने स्वतः ड्रॉवर बंद करून उठायचं, तो बसलेला दिसला की रांग हलत नाही.

धुराचं दुसरं उदाहरण जपानमधल्या ओसाकाचं. १९७२ च्या मे मध्ये सेन्निची डिपार्टमेंट स्टोअरच्या बिल्डिंगमध्ये रात्री तिसऱ्या मजल्यावर आग लागली आणि मेले ते सातव्या मजल्यावरच्या नाइटक्लबमधले लोक, ११८ जण. ज्वाळा तिथपर्यंत गेल्याच नाहीत, धूर गेला, लिफ्टच्या आणि एसीच्या पोकळ्यांमधून. डिपार्टमेंट स्टोअरमध्ये एस्कलेटरसाठी मजल्यांना मोठी भोकं पाडलेली असतात, ती दिसायला सुंदर पण धुरासाठी ती चिमणी. म्हणून जी आगीची शटर्स आणि जड दारं मजले वेगळे करतात त्यांच्याखाली ऑफरचं टेबल लावायचं नाही आणि जिन्याचं स्वतः बंद होणारं दार ट्रॉली लावून उघडं ठेवायचं नाही. उकडतंय म्हणून उघडं ठेवतात, मला माहितीये.

आणि दार. २००४ मध्ये पॅराग्वेच्या असुन्सिओनमध्ये एका मोठ्या सुपरमार्केटला आग लागली तेव्हा लोक पैसे न देता जातील म्हणून दारं बंद केली गेली. जवळपास ४०० माणसं गेली. चोरीच्या भीतीने कुलूप लावलेला इमर्जन्सी एक्झिट मला जेव्हा जेव्हा दिसला तेव्हा मी हाच आकडा सांगितलाय. चोरीची भीती खरी आहे, मान्य, पण त्याला उपाय आहे, आतून आडवी दांडी दाबली की उघडणारं आणि उघडलं की कर्कश्श वाजणारं दार मिळतं. त्या दारासमोर ठेवलेले हँगरचे स्टँड आणि तुटके पुतळे, त्याला मात्र कुठलंच मशीन नाही, रोज सकाळी कुणीतरी जाऊन दार ढकलून बघायचं, पूर्ण उघडतंय ना, बाहेरच्या बाजूलाही रस्ता मोकळा आहे ना.

स्प्रिंकलरबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे, एका ठिकाणी धूर झाला की अख्ख्या स्टोअरमध्ये पाऊस पडतो. असं नाही होत. छताला जी छोटी काचेची नळी दिसते त्यातलं द्रव तापून नळी फुटते तेव्हा तेवढाच स्प्रिंकलर सुरू होतो. लाल रंगाची नळी असेल तर ती ६८ अंश सेल्सियसला फुटते, धुराने नाही, उष्णतेने. पाणी छत्रीसारखं पसरतं, आणि म्हणूनच त्याच्याखाली साधारण ४५ सेंटीमीटर मोकळी जागा लागते. स्टॉकरूममध्ये माल छताला भिडवला की छत्री उघडतच नाही, वरचे दोन खोके भिजतात आणि खाली आग आरामात चालू. आम्ही भिंतीवर त्या उंचीला लाल पट्टा रंगवला, याच्यावर माल नाही. पाटीपेक्षा पट्टा बरा, सगळ्यांना लांबून दिसतो, वाद होत नाही.

सेलची गर्दी हा वेगळाच प्रकार. २००८ मध्ये न्यूयॉर्कजवळ एका स्टोअरमध्ये सेलच्या पहाटे दार उघडायच्या वेळेला गर्दीच्या रेट्याने दारं तुटली आणि एक कर्मचारी खाली पडून चिरडला गेला. लोकांना वाटतं तुडवल्यामुळे माणसं मरतात, बऱ्याचदा मरण गुदमरून येतं, चारी बाजूंनी इतका दाब येतो की छाती फुगतच नाही. मागच्यांना पुढे काय चाललंय ते दिसत नसतं, ते थोडंसंच ढकलतात, पण शेकडो जणांचं थोडंसं पुढे येऊन साठतं. त्या घटनेनंतर अमेरिकेच्या ओशा या सरकारी यंत्रणेने दुकानदारांसाठी सूचना काढल्या, रांगेचे बॅरिकेड दाराला चिकटून सुरू करू नका, सरळ लांबलचक रांग नको, मध्ये वळणं आणि मोकळ्या जागा ठेवा म्हणजे मागचा रेटा तिथेच तुटेल. दारात एकटा पोरगा उभा करून "लाइन लावा, लाइन लावा" ओरडायला लावणं म्हणजे त्याला त्या दाबाच्या तोंडी देणंच आहे.

उभं राहण्याबद्दल कुणी तक्रार केली की त्याला आळशी म्हणतात. पायातलं रक्त वर चढवायला पोटरीचे स्नायू पंपासारखे दाबले जावे लागतात, चालताना ते होतं, एका जागी उभं राहिलं की होत नाही, रक्त खाली साठतं, पाय सुजतात, वर्षानुवर्षं चाललं की नसा फुगायचा धोका वाढतो. इंग्लंडमध्ये १८९९ मध्येच कायदा झाला होता की दुकानात दर तीन बाया कामगारांमागे किमान एक बसायची जागा हवी. केरळमध्ये २०१८ मध्ये दुकानातल्या बायकांनी बरीच वर्षं भांडल्यावर बसण्याचा हक्क कायद्यात आला, तमिळनाडूत २०२१ मध्ये. मधली जवळजवळ सव्वाशे वर्षं स्टूल कुणी पळवला होता कोण जाणे. कॅश काउंटरला उंच स्टूल आणि पायाखाली रबरी मॅट, आणि मॅटची कड खाली बसलेली, नाहीतर परत घसरण्याच्या परिच्छेदावर जावं लागेल.

अंगावर येणारे कस्टमर हा पण सेफ्टीचाच विषय आहे, "सर्व्हिसचा भाग" नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ठिकाणच्या हिंसा आणि छळाबद्दल करार क्रमांक १९० केला आणि त्यात ग्राहकांसारख्या बाहेरच्या माणसांकडून होणारा त्रासही धरलाय. स्टोअरमध्ये भांडण बहुतेक रिटर्न काउंटरला होतं, कारण नाही म्हणायचं काम सगळ्यात ज्युनियर मुलीला दिलेलं असतं आणि हो म्हणायचा अधिकार आतल्या केबिनमध्ये. तो अधिकार काउंटरवर आणा, निम्मी भांडणं तिथेच विझतात. काउंटर जरा रुंद करा, तिच्या पाठीमागून बाहेर पडायला वाट ठेवा. आणि चोराच्या मागे धावायचं नाही, बाहेर तर अजिबात नाही, चेहरा आणि कपडे लक्षात ठेवायचे. एका जीन्ससाठी मार खाल्लेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी शाबासकी दिली की तिसऱ्या दिवशी सगळेच धावतात.

आता राहिला प्रश्न की खालच्याने बघितलेली गोष्ट वर जाते का. २९ जून १९९५ ला दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअरच्या वरच्या मजल्यावर सकाळपासून तडे रुंदावत होते, ते लोकांना दिसत होते, इंजिनियरही येऊन गेले, वरचा मजला बंद केला पण खाली विक्री चालू ठेवली कारण गर्दीचा दिवस होता. संध्याकाळी सहाच्या आत बिल्डिंग बसली, ५०२ माणसं गेली. कारणं बांधकामात होती, छतावरचे एसीचे अवजड युनिट आणि बारीक केलेले खांब वगैरे, पण त्या दिवशी दुकान बंद करा म्हणायची ताकद ज्यांच्याकडे होती त्यांना गल्ला दिसत होता.

तडे रोज पडत नाहीत, छोट्या गोष्टी रोज होतात. म्हणून आम्ही बिलिंगमागे एक साधी वही टांगली, थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची. नाव लिहायची सक्ती नाही, फक्त कुठे आणि काय. पहिले पंधरा दिवस कोरी. मग मीच पहिली नोंद केली, माझीच, मालाच्या लिफ्टच्या उंबऱ्याला पाय अडकला म्हणून. दुसऱ्या दिवशी खाली कुणीतरी लिहिलं होतं, "मी पण, तिथेच, तीन वेळा." त्याखाली अजून दोन. लिफ्ट मजल्याला बरोबर लागत नव्हती, दोन बोटं वर थांबायची, आणि सगळे सवयीने पाय उचलून चालायला शिकले होते. मेकॅनिकला अर्धा तास लागला. वहीत त्या ओळींपुढे मी "झालं" असं लिहून तारीख टाकली, आणि त्या आठवड्यात अकरा नोंदी आल्या.